मेंदूतले निरोप

(आपल्या मेंदूतील पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. काही निरोप क्षणात पोहोचतात, तर काही सावकाश पसरतात. सावकाश पसरणारे निरोप पेप्टाइड नावाचे पदार्थ नेतात. या पदार्थांचा शोध कसा लागला आणि त्यांच्या अभ्यासात महाराष्ट्रातील शास्त्रज्ञांनी कोणते काम केले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

भूक पोटाला लागते, असे आपण म्हणतो. पण भूक लागल्याचे कळते ते मेंदूला. पोट रिकामे आहे की भरलेले, रक्तात साखर किती आहे, अंगात चरबीचा साठा किती आहे, ही सारी खबर मेंदूकडे जात असते. मेंदू ती खबर तपासतो आणि मग आपल्याला ‘भूक लागली’ किंवा ‘आता पुरे’ असे वाटते.

ही खबर कोण नेतो? मेंदूत ना पोस्टमन आहे, ना टेलिफोनची तार. तरीही कोट्यवधी पेशींमध्ये दिवसरात्र निरोपांची देवाणघेवाण चालते. आपण झोपलो तरी ती थांबत नाही.

पेशी आणि त्यांच्यामधील फट

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. चेतापेशीला झाडासारख्या बारीक फांद्या असतात आणि एक लांब तंतू असतो. फांद्यांवर निरोप येतो आणि तंतूतून तो पुढे जातो. या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, प्रत्येक पेशी वेगळी असते, असे स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी दाखवून दिले. या कामासाठी १९०६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशी वेगवेगळ्या आहेत म्हटल्यावर एक प्रश्न उभा राहिला. दोन पेशींच्या मध्ये अतिशय अरुंद फट असते. केसाची जाडी त्या फटीपेक्षा हजारो पट जास्त भरेल. ही फट निरोप कसा ओलांडतो? काही शास्त्रज्ञ म्हणत, विजेची ठिणगी उडते. काही म्हणत, एखादा रासायनिक पदार्थ पलीकडे जातो.

या वादाचा निकाल लावणारा प्रयोग ऑस्ट्रियातील ऑटो लोवी यांनी केला. त्याची हकिगत मोठी मजेदार आहे. प्रयोगाची कल्पना लोवींना रात्री झोपेत सुचली. त्यांनी ती अर्धवट झोपेतच कागदावर लिहून ठेवली. सकाळी पाहतात तो आपलेच अक्षर आपल्याला लागत नाही! दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली. या वेळी मात्र ते उठले आणि थेट प्रयोगशाळेत गेले.

त्यांनी बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाच्या चेतातंतूला विजेने चेतवल्यावर त्याचे ठोके मंद झाले. त्या हृदयाभोवतीचा द्रव लोवींनी दुसऱ्या हृदयावर सोडला. दुसऱ्या हृदयाला कोणताही तंतू जोडलेला नव्हता, तरी त्याचेही ठोके मंद झाले. म्हणजे पहिल्या हृदयाच्या तंतूतून काहीतरी पदार्थ त्या द्रवात उतरला होता. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला. पेशी रसायनांच्या भाषेत बोलतात, हे त्यातून सिद्ध झाले. १९३६ साली लोवींना नोबेल पारितोषिक मिळाले.

पेप्टाइड म्हणजे काय?

पुढे असे अनेक रासायनिक दूत सापडले. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात.

पहिल्या प्रकारचे दूत आकाराने फार लहान आणि कामाला फार जलद असतात. ते फट ओलांडून समोरच्या पेशीला निरोप देतात आणि लगेच दूर केले जातात. हे सारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात घडू शकते. चटका बसताच आपण हात मागे घेतो, ते याच जलद दूतांमुळे.

दुसऱ्या प्रकारचे दूत म्हणजे पेप्टाइड. आपल्या शरीरातील प्रथिने ज्या अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांचीच ही छोटी साखळी असते. अमिनो आम्ले मुख्यतः २० प्रकारची आहेत. अलिफ, बे, पे ही अक्षरे वेगवेगळ्या क्रमाने जोडली की वेगवेगळे शब्द तयार होतात. त्याचप्रमाणे अमिनो आम्लांचा क्रम बदलला की वेगळे पेप्टाइड तयार होते. काही पेप्टाइडे फार छोटी असतात. बाळंतपणाच्या वेळी आणि बाळाला दूध पाजताना आईच्या शरीरात काम करणारे ऑक्सिटोसिन अवघ्या ९ अमिनो आम्लांचे आहे. मधुमेहाच्या रोग्यांना ज्याची गरज पडते, ते इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे आहे. असा दूत रक्तात मिसळून दूरच्या अवयवापर्यंत निरोप नेऊ लागला, की त्याला संप्रेरक म्हणजे हार्मोन म्हणतात. एकच पेप्टाइड रक्तात संप्रेरकाचे आणि मेंदूत दूताचे, अशी दोन्ही कामे करू शकते.

पेप्टाइड दूताचे काम कसे चालते, हे समजण्यासाठी आपण विरारजवळच्या नंदाखाल गावात जाऊ. वसई भागातील या गावात केळीच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्या आहेत. समजा, वाडीतल्या माणसाला एकाच रोपाला पाणी द्यायचे आहे. तो तांब्याने त्या रोपाच्या बुंध्याशी पाणी ओततो. काम लगेच होते, पण एकाच रोपाचे होते. जलद दूत असे काम करतात. आता त्याने विहिरीचे पाणी पाटात सोडले, तर ते सावकाश पुढे सरकते, जमिनीत झिरपते आणि दूरच्या केळीपर्यंत पोहोचते. पाट बंद केला तरी जमीन बराच वेळ ओली राहते. पेप्टाइडचे काम या पाटाच्या पाण्यासारखे आहे. ते पेशीतून बाहेर पडून आजूबाजूला पसरते, अनेक पेशींपर्यंत जाते आणि त्याचा परिणाम काही मिनिटे किंवा त्याहूनही जास्त वेळ टिकतो.

एक फरक मात्र लक्षात ठेवला पाहिजे. पाटाचे पाणी कोणतेही झाड घेते. पेप्टाइडचा निरोप प्रत्येक पेशीला घेता येत नाही. ज्या पेशीवर त्या पेप्टाइडला बसण्याजोगी जागा असते, तीच पेशी तो निरोप घेते. या जागेला ग्राही म्हणतात. कुलूप आणि किल्ली यांचे जसे नाते असते, तसेच ग्राही आणि पेप्टाइड यांचे असते.

लाखो मेंदूंतून एक कण

मेंदूतील पेप्टाइड शोधणे सोपे नव्हते, कारण ते अत्यंत थोडे असते. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा एक लहान भाग आहे. भूक, तहान, अंगाची उष्णता यांवर त्याची देखरेख असते. त्याच्या खाली पियुषिका ग्रंथी आहे. अधश्चेतक पियुषिका ग्रंथीला रासायनिक निरोप पाठवत असला पाहिजे, असे शास्त्रज्ञांना वाटत होते. पण तो निरोप कोणी पकडून दाखवला नव्हता.

अमेरिकेत रोझे गीयमँ आणि अँड्र्यू शॅली यांनी हे काम हाती घेतले. पूर्वी ते दोघे एकत्र काम करत. नंतर ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले. कत्तलखान्यांतून जनावरांच्या मेंदूंचे लाखो तुकडे त्यांच्या प्रयोगशाळांत येत असत. वर्षांमागून वर्षे गेली. हा पैसा आणि वेळ वाया चालला आहे, असे लोक म्हणू लागले. अखेर गीयमँ यांना सुमारे ३ लाख मेंढ्यांच्या अधश्चेतकांतून जेमतेम १ मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ मिळाला. मोहरीच्या एका दाण्यापेक्षाही तो हलका होता! १९६९ साली दोन्ही प्रयोगशाळांनी त्याची रचना उलगडली. ते फक्त ३ अमिनो आम्लांचे पेप्टाइड निघाले. ते पियुषिका ग्रंथीला निरोप देते आणि मग ती ग्रंथी गळ्यातील अवटू ग्रंथीला कामाला लावते.

इतका सूक्ष्म पदार्थ मोजायचा कसा? त्याची रीत रोझलिन यॅलो या विदुषीने आपले सहकारी सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर शोधून काढली होती. त्या रीतीने रक्ताच्या थेंबातील इन्सुलिनसुद्धा मोजता येऊ लागले. १९७७ साली गीयमँ, शॅली आणि यॅलो या तिघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत बर्सन हयात नव्हते. वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या यॅलो या दुसऱ्या स्त्री होत.

नागपूरच्या प्रयोगशाळेत

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे आणि त्यांचे सहकारी व विद्यार्थी यांनी मेंदूतील पेप्टाइडांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी ज्या पेप्टाइडांवर काम केले, त्यांतील एकाचे नाव थोडक्यात ‘कार्ट’ असे आहे. काही मादक पदार्थ दिल्यावर उंदरांच्या मेंदूत त्याची निर्मिती वाढते, असे १९९५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांना दिसले होते. त्यावरून त्याला हे नाव पडले. १९९८ साली डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी दाखवले, की कार्ट उंदरांच्या मेंदूत सोडले की ते कमी खातात. म्हणजे ‘आता पुरे’ असे सांगणारा हा एक दूत होता.

हे फक्त उंदरांतच घडते की इतर प्राण्यांतही? हे पाहण्यासाठी नागपूरच्या शास्त्रज्ञांनी मांगूर जातीचा मासा निवडला. माशाच्या मेंदूचे अतिशय पातळ काप घेतले. फक्त कार्टलाच चिकटणारे प्रतिपिंड त्यांवर सोडले. मग रंग देणारी रासायनिक क्रिया केली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर जिथे कार्ट होते तेवढाच भाग रंगलेला दिसला. काही मासे उपाशी ठेवले होते, तर काहींना ग्लुकोज दिले होते. उपाशी माशांच्या मेंदूतील एका ठरावीक केंद्रात कार्ट कमी दिसले. ज्यांना ग्लुकोज दिले होते त्यांच्यात ते वाढलेले दिसले. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. मासा आणि उंदीर एकमेकांपासून किती वेगळे! तरीही पोटाची खबर ठेवण्यासाठी दोघांच्या मेंदूत एकाच घराण्यातील दूत काम करतो.

पुढे सुभेदार पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत काम करू लागले. तेथे अर्णब घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी झेब्रा मासा अभ्यासला. अंगावर पट्टे असलेला हा छोटा मासा आपल्या देशातील नद्यानाल्यांत आढळतो. या माशात कार्टची चार जनुके आहेत आणि ती मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत काम करतात. त्यांतील काहींचे काम उपासाने बदलते, हे त्यांनी २०१४ साली दाखवले.

एकटे उंदीर

नागपूरच्या संशोधनातील एक भाग तर आपल्या सर्वांच्या मनाला भिडणारा आहे. उंदीर हा कळपाने राहणारा प्राणी आहे. लहान वयातच त्याला भाऊबहिणींपासून वेगळे केले आणि काही आठवडे पिंजऱ्यात एकटेच ठेवले, तर काय होईल?

त्याला खायला मिळत होते, प्यायला मिळत होते. कमी होती ती फक्त सोबत. तरीही अशा उंदरांच्या वागण्यात उदासीसारखी चिन्हे दिसू लागली. त्यांच्या मेंदूचे काप तपासले, तेव्हा भावनांशी संबंधित अनेक भागांत कार्ट कमी झालेले आढळले. मग बारीक नळीने उंदरांच्या मेंदूत कार्ट सोडून पाहिले. उंदराला पाण्याच्या भांड्यात सोडले की तो आधी हातपाय मारतो आणि नंतर हताश होऊन नुसता तरंगत राहतो. कार्ट दिलेले उंदीर तरंगत राहण्याऐवजी जास्त वेळ धडपडत राहिले. हे संशोधन २००९ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

भुकेची खबर ठेवणारा दूत उदासीच्या वेळीही दिसावा, हे नवल वाटते. पण मेंदूत असेच असते. एकच पेप्टाइड वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी कामे करते. मन फार उदास असले की जेवण जात नाही, हा अनुभव कोणाला नाही?

येथे सावध राहणेही आवश्यक आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदरांवर जे दिसले ते माणसांतही तसेच घडते, असे लगेच म्हणता येत नाही. त्यासाठी पुढे पुष्कळ संशोधन करावे लागते. तसेच प्राण्यांवर प्रयोग मनाला येईल तसे करता येत नाहीत. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांचा छळ रोखण्यासाठी कायदा झाला. प्रयोगशाळेला आधी प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी घ्यावी लागते. मुक्या जिवाला विनाकारण त्रास देणे हा गुन्हा आहे आणि पापही आहे.

या ज्ञानाचा उपयोग

पेप्टाइडांच्या अभ्यासामुळे असंख्य माणसांचे प्राण वाचले आहेत. १९२१ साली कॅनडात इन्सुलिनचा शोध लागला. त्याआधी काही प्रकारच्या मधुमेहात लहान मुले हमखास दगावत असत. पेप्टाइड तोंडाने घेतले तर पोटात ते अन्नासारखेच पचून जाते. म्हणून इन्सुलिन सुईने घ्यावे लागते. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे पेप्टाइड रक्तात येते आणि ‘पोट भरले’ हा निरोप द्यायला मदत करते. त्याच्यासारखे काम करणारी औषधे आज मधुमेहासाठी आणि अति लठ्ठपणासाठी दिली जातात. अशी औषधे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कधीही घेऊ नयेत.

निरोप म्हणजे हुकूम नव्हे

मग आपण या पेप्टाइडांच्या हातातील बाहुल्या आहोत का? नाही. रमजानमध्ये रोजेदाराचे शरीर दुपारपासूनच भुकेचा निरोप देऊ लागते. वाडीत पिकलेला केळीचा घड त्याच्या डोळ्यांसमोर असतो. शेजारच्या घरातून सुकेळीचा गोड वास येत असतो. तरीही तो मगरिबच्या अजानपर्यंत थांबतो. उपवासकाळ पाळणारा त्याचा ख्रिस्ती शेजारी आणि एकादशी करणारा हिंदू शेजारीही हेच करतात. निरोप खरा असतो, पण त्यावर काय करायचे हे माणूस आपल्या निश्चयाने ठरवू शकतो.

उदासीचे मात्र थोडे वेगळे आहे. ती दीर्घकाळ राहिली, तर केवळ निश्चयाने दूर होईलच असे नाही. एखादी मुलगी वर्गात गप्प गप्प राहते, डबा उघडत नाही, मैत्रिणींत मिसळत नाही. ‘नखरे करते’, ‘आळशी आहे’ असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण तिच्या मेंदूतील निरोपांची घडी विस्कटलेली असू शकते. ताप आलेल्याला आपण ‘ढोंगी’ म्हणत नाही. मग हिलाच का म्हणावे? तिला घरच्या माणसांनी आणि शिक्षकांनी समजून घेतले पाहिजे. गरज पडल्यास डॉक्टरांकडे नेले पाहिजे. आणि सर्वांत आधी, कोणीतरी तिच्या शेजारी जाऊन बसले पाहिजे.

अन्न, पाणी असूनही सोबतीवाचून उंदीर कोमेजून जातो. माणसाला तर सोबतीची गरज त्याहून कितीतरी जास्त आहे. ती सोबत आपण द्यायची असते, आणि त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेत जावे लागत नाही.

शब्दार्थ

निरोप – पैगाम. दूत – कासिद. मेंदू – दिमाग. पेशी – सजीवाच्या शरीराचा सर्वांत लहान घटक, खलिया. संप्रेरक – हार्मोन. प्रतिस्पर्धी – चढाओढ करणारा, मुकाबला करणारा. पाट – वाडीत पाणी नेण्यासाठी केलेली लहान वाट. सुकेळी – उन्हात वाळवलेली केळी. हताश – नाउमेद. उदासी – खिन्नपणा. कोमेजणे – मुरझाना. निश्चय – पक्का इरादा.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लोवी यांनी प्रयोगासाठी कोणत्या प्राण्याची हृदये घेतली?
(आ) इन्सुलिन तोंडाने का घेता येत नाही?
(इ) उपाशी माशांच्या मेंदूत कार्टचे प्रमाण कसे दिसले?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जलद दूत आणि पेप्टाइड यांच्या कामातील फरक वाडीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) एकट्या ठेवलेल्या उंदरांवरील प्रयोगातून काय दिसून आले?
(इ) ‘निरोप म्हणजे हुकूम नव्हे’ असे लेखकाने का म्हटले आहे?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा.
हाती घेणे, मनाला भिडणे, नवल वाटणे, समजून घेणे.

प्र. ४. तुमच्या वर्गात नवीन आलेला एखादा विद्यार्थी एकटा बसत असेल, तर तुम्ही काय कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा.